बंद दिव्यांचा उजेड

सुमनआक्का दिवे दुरुस्त करायला घरात आली की पहिल्यांदा खुर्ची मागायची. शिडी नव्हे, खुर्ची. लोकांना वाटायचं, बाईमाणूस आहे, उन्हातून आली, दमली असेल. ती खुर्ची बिघडलेल्या दिव्याच्या बरोबर खाली ओढून घ्यायची, बूट काढून ठेवायची आणि वर बघत बसायची. दहा मिनिटं, कधी पंधरा. चहा आला तर चहा घ्यायची, पण नजर छताला. घरमालकाची चुळबूळ सुरू व्हायची. बाकीचे वायरमन आल्या आल्या शिडीवर चढतात, दोन बटणं खटखटवतात, "सगळं बदलाय लागतंय बगा" म्हणतात, आणि आपल्यालाही काम जोरात चाललंय असं वाटतं. ही नुसती बसलेली. कुणी विचारलंच तर म्हणायची, "आदी बसायचं, मग चढायचं. आजाऱ्याची नाडी काय उभ्याउभ्या बगत्यात व्हय?"

बेळगावात आमच्या कॉलनीत गेल्या सात-आठ वर्षांत घराघरात पीओपीची छतं आली. त्यात गोल भोकं पाडून दिवे बसवायचे, वायरी वर लपवायच्या, खालून सगळं गुळगुळीत. दिसायला देखणं. पण एखादा दिवा फडफडायला लागला की घरातलं कोणीही मान वर करून हताश उभं राहतं, कारण बिघाड आत आणि आपण बाहेर. बसवणारा गावाला गेलेला असतो किंवा फोन उचलत नाही. मग कुणीतरी म्हणायचं, "सुमनआक्काला बोलवा की."

उंचीनं बेताची, अंगानं काटक, वय पंचावन्नच्या पुढे. पंजाबी ड्रेसवर मेलेल्या नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट. चष्म्याच्या डबीत ती टेस्टर ठेवायची आणि चष्मा पिशवीत पक्कड-स्क्रूड्रायव्हरांबरोबर मोकळा टाकायची. त्यामुळे चष्म्याच्या काचांवर इतके चरे की त्यातून तिला काय दिसायचं ते तिलाच ठाऊक. रोज घरातून निघण्याआधी ती तो टेस्टर स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या चालू प्लगमध्ये घालून बघायची. "टेस्टर खोटा निघाला तर माणूस खरा मरतोय," हे तिचं ठरलेलं वाक्य. वायरी मोजायची ती कन्नडमध्ये, कारण बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यातला तिचा फोरमन कन्नड होता. भांडायची मराठीत, आणि सामानाची यादी लिहून द्यायची ती मात्र स्वच्छ इंग्रजीत, मोत्यासारख्या अक्षरात.

त्या अक्षराची एक गोष्ट आहे. सुमनआक्का निपाणीच्या बौद्ध वस्तीतली. आई विड्या वळायची, वडील तंबाखूच्या वखारीत. पोरगी दहावीनंतर आयटीआयला गेली आणि इलेक्ट्रिशियनच्या वर्गात बसली. वर्गात ही एकटीच मुलगी. शिकवणाऱ्याला तिचं काय करावं ते सुचेना, तेव्हा त्यानं तिला कोपऱ्यात बसवून सगळ्या पोरांची जर्नलं लिहायला लावली. अक्षर चांगलं म्हणून. पोरं शिडीवर चढायची, ही खाली लिहीत बसायची. दुसरी एखादी रडली असती. ही मला हसत हसत सांगायची, "तीस पोरांची जर्नलं लिवलो सर. एकेक पाठ तीस-तीस डाव. पोरं पास झाली, मी शिकलो." पुढं मच्छ्याला मोटारीचं वायंडिंग करण्यात तिची वीस वर्षं गेली. तो कारखाना बंद पडला तेव्हा ती घरोघरी फिरायला लागली, आणि मग कॉलनीला तिच्यावाचून चालेना.

तिचा एक प्रश्न मात्र सगळ्यांना जड जायचा. दुरुस्ती सुरू करण्याआधी ती विचारायची, "ह्याला आदी हात कुणी लावला?" यावर माणसं खोटं बोलतात, हा तिचा अनुभव होता. मोठमोठे हुद्देदार लहान पोरासारखे नाही नाही म्हणायचे. तीही हट्टी. खरं कळेपर्यंत दुरुस्तीला हात घालायची नाही. एका वकीलसाहेबांना तिनं या प्रश्नावर अर्धा तास ताटकळत ठेवलं होतं, आणि शेवटी त्यांच्या बायकोनंच सांगितलं की साहेबांनी यूट्यूबवर बघून दोन वायरी जोडल्या आहेत. आक्का साहेबांऐवजी त्यांच्या बायकोला म्हणाली, "आता बरं हुईल." तिच्या जिभेला धार होती हे खरं, पण ती धार खोटं बोलणाऱ्यासाठी राखलेली असायची.

चुकणाऱ्याशी ती फार मऊ वागायची. आमच्या शेजारचे देसाई काका निवृत्त प्राचार्य. त्यांच्या माजघरातले चार दिवे लावले की वीसेक मिनिटांनी आपोआप बंद व्हायचे आणि थोड्या वेळानं आपोआप लागायचे. जळका वासही यायचा. एका ठेकेदारानं सांगितलं, सगळं छत फोडावं लागेल. काकांनी तर घर विकायचीच भाषा सुरू केली होती. सुमनआक्का आली, खुर्चीत बसली, दिवे गेले तसे घड्याळ बघितलं. मग उठून माळ्याच्या झाकणातून हात घातला आणि एक गोधडी ओढून काढली. मग दुसरी. अशा अकरा निघाल्या. झालं होतं असं की छत करताना जुना माळा वर तसाच राहिला होता, आणि काकूंनी सासूच्या हातच्या, खानापूरकडून आणलेल्या गोधड्या टाकवत नाहीत म्हणून त्या झाकणातून आत सारल्या होत्या, नेमक्या दिव्यांच्या डोक्यावर. दिवे तापून गुदमरत होते आणि स्वतःला वाचवायला बंद पडत होते. चांगले होते म्हणून बंद पडले, नाहीतर घरानं पेट घेतला असता.

काकूंचा चेहरा पांढरा पडला. काका काहीतरी बोलणार तेवढ्यात सुमनआक्कानं एक गोधडी उलगडली, तिचे टाके बघितले आणि म्हणाली की असलं काम आता बघायला मिळत नाही, हे वर लपवायचं नव्हे, अंथरायचं. जळक्या कडेची तेवढी एक तिनं बाजूला ठेवली. काकू त्या दिवशी पोटभर रडल्या, पण ते रडणं सुटल्याचं होतं. छताला टाचणीचंही भोक न पडता चारही दिवे त्या दिवसापासून नीट चालले.

आता आमच्या घराचं सांगतो. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल.

माझी आई नंदगडजवळच्या आमच्या गावी शेताच्या घरात राहायची. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला तेव्हा तिला बेळगावला आणलं आणि एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. छान झालं असं डॉक्टर म्हणाले. दुसरा डोळा महिन्याभरानं करायचा होता. आईची खाट हॉलमध्ये होती, न्हाणीघर जवळ पडतं म्हणून. पाचव्या-सहाव्या दिवशी ती म्हणाली, "बटन बंद केल्यावर बी दिवं जळत्यात रं. आनि मधनंच डोळं मिचकवूलालेत."

आम्ही बघितलं. म्हणजे मी आणि माझी बायको वंदना खोलीतून मोबाईलचा टॉर्च लावून आलो, वर बघितलं, दिवे बंद होते. चार दिवस हेच. डॉक्टरांनी डोळा पुन्हा तपासला, डोळा स्वच्छ होता. मग आम्ही दोघं एकमेकांशी हळू आवाजात बोलू लागलो. भास, वय, मेंदू असले शब्द आमच्या बोलण्यात यायला लागले. आईनं तिच्या परीनं अर्थ लावला, की ऑपरेशननं डोळा बिघडला. दुसऱ्या डोळ्याला ती हात लावू देईना. तो डोळा तर जवळजवळ गेलाच होता, आणि डॉक्टर म्हणत होते की फार लांबवू नका. मी समजावलं, मग चिडलो. एकदा तर वर्गात पोरांवर ओरडतो तसा ओरडलो, "अगं, बटन बंद आहे तर वीज येईल कुठून?" त्यानंतर आईनं दिव्यांचं नाव काढलं नाही. तोंडावर पदर घेऊन झोपू लागली. त्या ओरडण्याची मला आजही लाज वाटते.

त्याच सुमारास हॉलमधल्या बारा दिव्यांपैकी एक पार मेला आणि दोन फडफडायला लागले. वंदनानं सुमनआक्काला रविवारी दुपारी बोलावलं, तेवढ्याच कामासाठी. आक्का खुर्चीत बसली. बसल्या बसल्या तिनं रिवाजाप्रमाणे घरातल्या एकेकाला विचारलं की तुम्हाला कुठला दिवा त्रास देतो. वंदनानं मेलेला दाखवला, मी फडफडणारे दाखवले. मग ती खाटेकडे वळली. "मावशी, तुमाला?"

आई म्हणाली, "मला इचारू नगंस बाई. पोरगं रागावतंय."

सुमनआक्कानं माझ्याकडे बघितलं. आईला म्हणाली, हळूहळू सगळं सांगा. आईनं सांगितलं, आणि आक्कानं मधे एकदाही "असं कसं" म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर तिनं वंदनाकडे जाड चादरी मागितल्या. दोन खिडक्यांवर आम्ही चादरी ठोकल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवले, टीव्हीचा लाल ठिपकासुद्धा प्लग काढून घालवला. भर दुपारी हॉलमध्ये मिट्ट काळोख झाला. "डोळ्यास्नी येळ द्याय लागतोय," आक्का म्हणाली. "टॉर्च घिऊन काळोख बगाय गेलं तर काय दिसंल?"

मग ती खाटेपाशी आली आणि थांबली. मला त्या थांबण्याचा अर्थ कळला. आमच्या गावच्या घरी तिच्या आईसारखी बाई ओसरीच्या खालीच उभी राहिली असती, हे तिलाही ठाऊक होतं आणि माझ्या आईलाही. काळोखात खाट करकरली. आई सरकली होती. "बस गं हितं," एवढंच ती म्हणाली.

सुमनआक्का बसली. आईचा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि सांगितलं की तोंडानं काही बोलायचं नाही, दिवा मिचकला की माझा हात दाबायचा. मी माझं वेगळं मोजते, मग बघू. आम्ही दोघं भिंतीला टेकून जमिनीवर बसलो. पहिली पाच मिनिटं मला काहीच दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर आईची कीव येत राहिली. मग छताच्या कोपऱ्यात एक दिवा काजव्यासारखा मिचकला आणि गेला. मला वाटलं, मलाच भास. थोड्या वेळानं दुसरा. आणि हळूहळू लक्षात आलं की बाकीचेही पूर्ण विझलेले नाहीत, राखेखालच्या निखाऱ्याएवढा उजेड त्यांच्यात आहे. वंदनानं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

बराच वेळ गेल्यावर सुमनआक्काचा आवाज आला. "मावशी, तुमी सात डाव हात दाबला. मी बी सातच मोजलो."

आईचा हुंदका ऐकू आला. "म्हंजी माझा डोळा चांगला हाय," ती म्हणाली. सुमनआक्का म्हणाली, "ह्या घरात सगळ्यात चांगला तुमचाच हाय."

चादरी काढल्या. आक्का आता शिडीवर चढली, बटन बंद ठेवून एक दिवा खाली ओढला आणि त्याच्या तारेला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. बंद बटनाच्या दिव्यात वीज होती. ती खाली उतरली आणि तिनं तो प्रश्न विचारलाच, की आधी हात कुणी लावला. मी सांगितलं, कुणीच नाही. खरं तर गेल्या दिवाळीत दोन दिवे मीच बदलले होते, बटन बंद करून, स्टुलावर उभं राहून. तिनं कोपऱ्यातल्या मीटरकडे बघितलं. मग म्हणाली, "मीटर पयल्यापासनं हितंच हुता?"

"हो," मी म्हणालो.

खाटेवरून आईचा आवाज आला, "न्हाय गं. पयला पायऱ्यांखाली हुता. नातीचं लगीन जमंना म्हनून कुणीतरी सांगितलं, तवा आग्नेयेच्या कोपऱ्यात न्हेलाय ह्यानं. मी तवा हितंच आलतो की."

मी जमिनीत गेलो असतो तर बरं झालं असतं. विज्ञानाच्या मास्तरानं मीटर अग्नीच्या दिशेला हलवला ही गोष्ट मी शाळेत काय, सख्ख्या मेव्हण्यालाही सांगितली नव्हती. कुणाच्या तरी ओळखीच्या माणसाकडून गुपचूप एका दुपारी ते काम उरकून घेतलं होतं. त्या माणसानं मेन स्विचला जोडताना दोन तारा उलटसुलट केल्या, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातलं एकूण एक बटन चुकीची तार तोडत होतं. जुन्या ट्यूबलाईट होत्या तोवर कळलं नाही. नंतर छतात एलईडी आले, त्यांना चिमूटभर वीजही पुरते. आणि हॉलमध्ये काळोखात डोळे उघडे ठेवून पडणारं माणूस आईच्या आधी घरात नव्हतं.

सुमनआक्का ओरडली नाही. तिनं मला वर्गात समजवावं तसं समजावलं. "तुमी नळ बंद केलाच न्हाय सर. मोरीचं तोंड बंद केलासा. पानी नळात तसंच हाय." आणि मग छतातल्या दोन वेगळ्या कंपनीच्या दिव्यांकडे बोट दाखवून, "दोन दिवं तुमीच बदललासा न्हवं? वैनींचं नशीब थोर म्हनायचं." त्यावर वंदना माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

आग्नेयेचा मीटर आग्नेयेलाच राहिला. मेन बंद करून आक्कानं त्या दोन तारा सरळ केल्या, शॉक बसण्याआधी घराची वीज तोडणारं एक यंत्र बसवलं आणि घरातलं प्रत्येक बटन टेस्टर लावून तपासलं. फडफडणारे दिवे तिनं उघडून दाखवले. आतल्या, दिव्याला वीज पुरवणाऱ्या लहान डब्या इतक्या हलक्या प्रतीच्या होत्या की उन्हाळ्यात त्या तगल्याच कशा याचं तिला नवल वाटलं. पुढच्या रविवारी तिनं बाराही दिवे बदलले. त्याआधी सगळ्यांना विचारलं, "उजेड कशाला पायजे ते सांगा, दिवा मी ठरिवतो." वंदनाला तांदळातले खडे दिसायला हवे होते. मला पेपर तपासायला हवा होता. आई म्हणाली, डोळ्यांत न घुसणारा. आक्कानं तिच्या खाटेवरचे तीन दिवे मंद पिवळसर घेतले आणि त्यांचं बटन वेगळं काढून खाटेशी हाताला येईल असं बसवलं. प्रत्येक दिव्यामागे तिनं तार वीतभर जास्त सोडली आणि जोडणी पिनेची केली. पुढं बदलायला येणाऱ्याला छत कापावं लागू नये म्हणून.

तारा सरळ झाल्या त्या दिवशी मात्र आईनं पुन्हा चादरी ठोकायला लावल्या. आम्ही चौघंही पुन्हा काळोखात बसलो. या वेळी पंधरा मिनिटं काही म्हणजे काही दिसलं नाही. आई म्हणाली, "कसा काळाकुट्ट पडलाय बगा. लई बरं वाटलं." आणि त्याच काळोखात, कुणीही विषय न काढता, ती मला म्हणाली, "उद्या डाक्टरास्नी इचार, दुसरा डोळा कवा करत्यात ते."

दुसरा डोळा पंधरा दिवसांत झाला. माझ्या छातीवरचा दगड उतरला. देव, ग्रह, दिशा कुणालाही श्रेय न देता सांगतो, तो सुमनआक्कानं उतरवला.

यंदाच्या उन्हाळ्यात ती बेळगाव सोडून गेली. मुलगी धारवाडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, तिनं आईला बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी चारच्या सुमाराला ती आमच्याकडे आली. हातात पिशवी नव्हती, अंगात तो शर्ट नव्हता, नवी सुती साडी होती. आईनं तिला दारातल्या उजेडात ओढून नेलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि निरखून निरखून बघितला. म्हणाली की तेव्हा एकाच डोळ्यानं बघितली होती, हनुवटीवर तीळ आहे हे आज कळलं. सुमनआक्का हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. चहा झाला. धारवाडला कामं घेणार का, असं मी विचारलं. मुलगी नको म्हणते, असं म्हणाली, पण स्वतः घेणार नाही असं काही म्हणाली नाही.

आम्ही फाटकापर्यंत सोडायला गेलो. आमची गल्ली सरळ आणि लांबलचक आहे, बस स्टॉपपर्यंत वळण नाही. मी चष्मा लावूनही थोड्या वेळानं मला नुसता साडीचा ठिपका दिसू लागला, मग तोही दिसेना. आई फाटकाला धरून उभीच होती.

"थांबली बग," ती म्हणाली. "मान वर करून खांबाकडं बगूलालीय. भर दिवसा दिवा चालू हाय त्यावरचा."

मला ना खांबावरचा दिवा दिसत होता, ना सुमनआक्का. पण मी बघायला पुढे गेलो नाही, आईला काही विचारलंही नाही. तिथंच उभा राहून फोन लावला आणि आमच्या गल्लीच्या टोकाचा दिवा दिवसा जळतोय अशी तक्रार नोंदवली.